मुंबईची वारी : रात्रीच्या गाडीने की दिवसाच्या?



ऊस विकास अधिकाऱ्याने रेल्वेगाडीवर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु सायखेडा गटात फिरताना बेणे, लागणीची तारीख आणि बिलाचा हप्ता या तीन प्रश्नांच्या खालोखाल आम्हाला जे विचारले जाते ते हेच. "साहेब, मुंबईला जायचंय. रातची गाडी बरी का सकाळची? स्वस्तात कोणती पडंल?" विचारणारा बहुधा हौसेने निघालेला नसतो. घरात कोणाला तरी गाठ आलेली असते, तालुक्याच्या डॉक्टरांनी परळच्या टाटा हॉस्पिटलचे नाव घेतलेले असते, ऊस अजून शेतात उभा असतो आणि बिल हाती यायला दोन महिने अवकाश असतो. अशा वेळी शंभर-दोनशे रुपयेसुद्धा मोजून खर्चावे लागतात. म्हणून हा विषय पत्रिकेत घेतला आहे.

आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे की, रात्रीच्या गाडीने गेले म्हणजे लॉजचे पैसे वाचतात आणि दिवसही मोडत नाही. लांबच्या प्रवासाला हे खरे आहे. मुंबईला ते लागू पडत नाही, आणि गंमत अशी की आपले बहुतेक जाणे-येणे मुंबईलाच असते.

का लागू पडत नाही ते पाहा. नाशिकरोड ते मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर १८८ किलोमीटर. चांगली गाडी हे चार तासांच्या आत-बाहेर तोडते. अमरावती, विदर्भ, देवगिरी या गाड्या रात्रभर चालून पहाटे-सकाळी मुंबईत पोचतात, पण त्यांची रात्र झाली अमरावतीकराची, गोंदियाकराची किंवा नांदेडकराची. नाशिकरोडला त्या मध्यरात्र उलटल्यावर येतात. आपण गाडीत चढावे, झोपलेल्या माणसाला उठवून आपला बर्थ मोकळा करून घ्यावा, डोळा लागतो न लागतो तोच कल्याण आले म्हणून सामान आवरावे. याला रात्रीची झोप कोणी म्हणणार नाही.

त्यातही आपण नाशिकरोडचे रहिवासी नव्हे, सायखेड्याचे. रात्री दोन-तीनची गाडी धरायची तर त्या वेळी एस.टी. नाही. एक तर संध्याकाळच्या बसने जाऊन फलाटावर पाच-सहा तास बसायचे, नाही तर जीप किंवा रिक्षा ठरवायची. त्या एका खेपेचे भाडे माणशी तिकिटाच्या कितीतरी पट होते. पोराने मोटारसायकलवर सोडले तर पैसे वाचतात खरे, पण परतताना त्याला एकट्याला उसाच्या कडेच्या रस्त्याने अंधारात यायचे असते, आणि गोदाकाठच्या उसात बिबट्याचा वावर आहे हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. वस्तीवर मागे राहिलेल्या बाईमाणसांचाही त्या रात्री जीव टांगणीला. हा खर्च तिकिटावर छापलेला नसतो.

आता तिकिटाचेच पाहू. स्लीपरच्या डब्याला रेल्वेचा नियम असा की, कितीही थोडे अंतर गेलात तरी भाडे किमान २०० किलोमीटरचे द्यावे लागते. तीन थरांच्या वातानुकूलित डब्याला हे किमान अंतर ३०० किलोमीटर आहे. म्हणजे नाशिकरोडहून मुंबईला स्लीपरने जाणारा न केलेल्या १२ किलोमीटरचे पैसे भरतो, आणि एसी थ्री-टायरने जाणारा ११२ किलोमीटरचे. बसून जाण्याच्या दुसऱ्या वर्गाला ही अडचण येत नाही. शिवाय आरक्षणाचा आकार दुसऱ्या वर्गाला १५ रुपये तर स्लीपरला २०. गाडी अतिजलद असेल तर दुसऱ्या वर्गाला आणखी १५ आणि स्लीपरला ३०. रक्कम थोडी दिसते. पण दोन माणसे, जाऊन-येऊन, आणि महिन्यात दोन खेपा असा हिशेब घातला की ती थोडी राहत नाही.

म्हणून धडधाकट माणूस कामासाठी मुंबईला चालला असेल तर आमचे मत सरळ आहे. त्याने पंचवटी धरावी. १ नोव्हेंबर १९७५ पासून धावणारी ही गाडी आपल्या तालुक्यासाठीच काढली की काय असे वाटावे, इतकी सोयीची आहे. मनमाडहून पहाटे सुटते, लासलगाव आणि निफाडला थांबते, सातच्या सुमारास नाशिकरोडला येते आणि अकराच्या आत मुंबईत सोडते. कचेऱ्यांची कामे त्याच वेळी सुरू होतात. संध्याकाळी सहानंतर हीच गाडी मुंबईहून परत निघते आणि दहाच्या सुमारास आपण निफाडला उतरतो. मुक्काम नाही, लॉज नाही, जेवणही एकच विकत; दुसरे फडक्यात बांधून नेलेले. (वेळा मधून मधून बदलतात. निघण्याच्या आदल्या दिवशी पाहून घ्याव्यात.) वंदे भारत गाड्याही नाशिकरोडवरून जातात. त्या छान आहेत, परंतु या लेखाच्या हिशेबात बसणाऱ्या नाहीत.

गर्दीबद्दल दोन शब्द. पंचवटीत आरक्षण नसेल तर नाशिकरोडला चढणे हे काम आहे, आणि बसायला मिळेलच असे नाही. निफाडला चढणाऱ्याला थोडी आशा जास्त. जनरलचे तिकीट काढणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, २०० किलोमीटरच्या आतले अनारक्षित तिकीट काढल्यापासून ३ तासांत, किंवा त्या ठिकाणी जाणारी त्यानंतरची पहिली गाडी सुटेपर्यंत प्रवास सुरू करावा लागतो. आपले १८८ किलोमीटर त्यातच येतात. सकाळी पोराला पाठवून तिकीट काढून ठेवले आणि आपण निवांत संध्याकाळच्या गाडीला गेलो, तर दंडाची पाळी येते.

इथपर्यंत रेल्वेचा हिशेब झाला. घरचा हिशेब अजून राहिला आहे, आणि आमच्या मते तो आधी मांडायला हवा.

दोन-चार दुभती जनावरे दारात असलेल्या सभासदाने धारेवरून मोजावे. पंचवटीने जाणारा पहाटे साडेचार-पाचला धार काढून, डेअरीला दूध घालायला कोणाला तरी सांगून निघू शकतो. त्याची फक्त संध्याकाळची धार चुकते. रात्रीच्या गाडीने जाणारा संध्याकाळची धार काढून मध्यरात्री निघतो, दिवसभर मुंबईत काम करतो आणि पंचवटीनेच परततो. त्याच्या दोन्ही वेळा चुकतात. दिवस वाचवायला म्हणून रात्री निघाला, आणि दिवस तर गेलाच, वर एक रात्रही गेली.

पाण्याचे गणित याहून वेगळे. ज्यांची वाहिनी सौर प्रकल्पावर गेली आहे त्यांना दिवसा वीज मिळते. बाकीच्यांना अजून आळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. ज्यांची वीज रात्रीची आहे त्यांना दिवसाच्या गाडीने पाण्याच्या दृष्टीने काहीच तोटा नाही. उलट रात्रभर बारे धरून आलेला माणूस पंचवटीच्या बाकावर इगतपुरी येण्याआधीच झोपी गेलेला आम्ही पाहिला आहे. मात्र दिवसाची वीज असताना दिवसभर बाहेर राहायचे म्हणजे ऊस एक पाळी मागे राहतो. एप्रिल-मे महिन्यात, मोठ्या बांधणीच्या उसाला हे परवडत नाही. सबब आमची सूचना अशी की, काम पुढे-मागे करता येण्यासारखे असेल तर आधी विजेचे वेळापत्रक पाहावे आणि मग रेल्वेचे.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीच्या पुराने सायखेडा-चांदोरीची काय दशा केली ते सर्वांना ठाऊक आहे. निफाडला जायचे म्हणजे पूल ओलांडणे आले. धरणातून पाणी सोडल्याची बातमी असेल त्या दिवशी परतीची गाडी उजेडात उतरवील अशीच धरावी. रात्री दहाला निफाडला उतरायचे आणि पूल बंद, असा प्रसंग नको.

आता दवाखान्याचा प्रवास. इथे वरचे बरेचसे गणित उलटते, म्हणून नीट वाचावे अशी विनंती.

दवाखान्याचे दार सकाळी उघडते. नाव नोंदवणे, फाईल, रक्ततपासणी, फोटो ही सगळी रांग सकाळी लागते. पंचवटीचा प्रवासी दादरला उतरून परळला पोचेपर्यंत अकरा वाजतात. त्या दिवशी अर्धेच काम होते, उरलेले उद्यावर जाते आणि जो मुक्काम टाळायचा होता तोच पदरात पडतो. रात्रीची गाडी मात्र उजाडताना मुंबईत सोडते. तेव्हा दवाखान्याच्या पहिल्या खेपेला आम्ही दोनच मार्ग योग्य समजतो. रोगी बरा हिंडता-फिरता असेल तर रात्रीची गाडी. आणि रोगी थकलेला असेल, वांत्या होत असतील, बसवत नसेल, तर आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने जाऊन मुक्काम करणे. थकलेल्या माणसाला नाशिकरोडच्या फलाटावर मध्यरात्री बसवून ठेवण्यात कसलीही बचत नाही. मुक्कामासाठी दादरला श्री गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा कर्करोगाच्या रोग्यांना आणि त्यांच्या नातेवाइकांना फार उपयोगी पडते. परंतु मागणी मोठी असते. जागा मिळेलच असे धरून निघू नये, आधी चौकशी करावी आणि दवाखान्याचे कागद बरोबर असू द्यावेत. उतरायचे दादरलाच. शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन परत ९ किलोमीटर मागे येण्याचे कारण नाही. दादरहून लोकलने पुढचेच स्टेशन परळ.

आता सवलतीबद्दल. पुष्कळ सभासदांना ही माहिती नसते, आणि ज्यांना असते त्यांनाही अर्धवट असते. उपचारासाठी किंवा फेरतपासणीसाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रोग्याला स्लीपर व एसी थ्री-टायरमध्ये तिकिटाच्या भाड्यात १०० टक्के सूट आहे. त्याच्याबरोबरच्या एका माणसाला ७५ टक्के. बसून जायच्या दुसऱ्या वर्गात मात्र रोगी आणि सोबती दोघांनाही ७५ टक्के. हिशेब मांडून पाहा. बसून गेले तर दोघांचे मिळून अर्धे तिकीट लागते. स्लीपरने गेले तर रोग्याचे काही नाही आणि सोबत्याचे पाव. स्लीपरचे भाडे मुळात जास्त असल्यामुळे दोन्हींचा खर्च जवळजवळ सारखाच येतो, पण रोग्याला आडवे होता येते. धडधाकट माणसाला आम्ही स्लीपर घेऊ नका म्हणालो, कर्करोगाच्या रोग्याने तोच घ्यावा. आणि स्लीपर म्हणजे रात्रच असे नाही. उत्तरेकडून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या कित्येक गाड्या दिवसा नाशिकरोडवरून जातात, त्यांना स्लीपरचे डबे असतात. पंचवटीला नसतात.

या सवलतीला दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो आणि तिकीट खिडकीवर काढावे लागते. पहिल्या खेपेला दाखला हाती नसतो, त्यामुळे ती खेप पुऱ्या भाड्याची. म्हणून पहिल्याच खेपेत, डॉक्टरांनी पुढची तारीख दिली की लगेच, निघण्यापूर्वी दाखला मागून घ्यावा. आमच्या गटातल्या एका कुटुंबाने पाच खेपा पुऱ्या भाड्याने केल्या. दाखल्याचे कोणी सांगितले नाही आणि विचारायचे असते हे त्यांना कळले नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आणि मूत्रपिंड बदलणे किंवा डायलिसिससाठी जाणाऱ्या रोग्यांनाही सवलत आहे. तीही याच पद्धतीने विचारावी.

ज्येष्ठ नागरिकांना पूर्वी रेल्वेत मिळणारी सवलत मात्र २० मार्च २०२० पासून बंद आहे. कोण्या सभासदाच्या मनात ती अजून चालू असेल तर त्याने त्या भरवशावर पैसे कमी घेऊन निघू नये. शेतकऱ्यांना राष्ट्रीय संस्थांत प्रशिक्षणाला जाताना मिळणारी सवलतही तेव्हाच थांबली. इकडे एस.टी.ने उलट केले. ७५ वर्षांवरील माणसाला ऑगस्ट २०२२ पासून राज्यात प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ पर्यंतच्यांना अर्धे तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट. म्हणजे ७६ वर्षांचे आजोबा आणि आजी मुंबईला लेकीकडे चालले असतील तर आमचा सल्ला, रेल्वेचा लेख बाजूला ठेवावा आणि एस.टी. स्टँडवर जावे. फक्त बसमध्ये लघवीची सोय नसते, हे म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत आधी विचारात घ्यावे.

लांबच्या प्रवासात रात्रीची गाडी खरोखर कामाची ठरते. उदाहरण आपल्याच धंद्यातले घेऊ. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासूनचे. को ८६०३२ हे वाण आपण नीरा या नावाने ओळखतो, ते नाव त्याच भागातले, आणि फुले २६५ तर पाडेगावचेच. तिथे किंवा पुढे कोल्हापूरकडे जायचे तर मनमाडला रात्री महाराष्ट्र एक्सप्रेस मिळते. ती दौंडमार्गे पहाटे पुण्याला पोचते आणि तशीच पुढे मिरज-कोल्हापूरला जाते. वाटेत नीरा स्टेशन लागते, पाडेगाव तिथून जवळ. इथे रात्र गाडीत खऱ्या अर्थाने कारणी लागते. अंतर २०० किलोमीटरच्या वर असल्यामुळे स्लीपरचे जादा भाडेही भरावे लागत नाही, आणि पुण्यात दहा-बारा माणसांचा लॉजखर्च वाचतो. मनमाड गाठण्याची तसदी आहे, पण ती संध्याकाळी गाठता येते, मध्यरात्री नव्हे.

मात्र अशा सहलीत आम्ही एक पथ्य पाळतो. जाताना रात्र, येताना शक्य तितका दिवस. कोल्हापूरहून पुण्याकडे दिवसा येताना खिडकीतून जो ऊस दिसतो तो कुठल्याही मेळाव्यात दिसत नाही. कृष्णाकाठी सरी किती फुटांवर आहे, पाचट जाळले आहे की सरीत ठेवले आहे, खोडव्यात नांग्या भरल्या आहेत की नाही, ठिबक कुठवर पोचले, हे सगळे फुकट पाहायला मिळते. एकदा परतताना आमच्याबरोबरच्या एका वयस्क सभासदांनी मिरजेपासून साताऱ्यापर्यंत खिडकी सोडली नाही. शेजारच्याने चहा विचारला तर म्हणाले, "थांब रं, पाच फुटी सरी मोजतोय." पुढच्या हंगामात त्यांनी एक एकर पाच फुटांवर लावला. रात्रीच्या गाडीने आलो असतो तर ते घोरत आले असते, आणि आम्हीही.

काशी-प्रयागच्या यात्रेबद्दल फार लिहीत नाही. एक दिवस-एक रात्र गाडीत जाणारच, तेव्हा दिवस की रात्र हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न फक्त पोचण्याच्या वेळेचा. परक्या गावी म्हाताऱ्या माणसांना घेऊन अपरात्री उतरण्यापेक्षा सकाळी उतरवणारी गाडी पाहावी, भले ती घरून निघायला अडचणीची असो. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते; पूर्वीचे १२० दिवस १ नोव्हेंबर २०२४ पासून गेले. तिकीट काढताना वय बरोबर लिहावे. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांना खालचा बर्थ देण्याची सोय आहे, पण वय चुकले तर तीही जाते. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढाच उघडायचा असतो, त्यावरून भांडू नये. आणि वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात चढू नये, आता उतरवतात. खिडकीवरचे वेटिंग तिकीट असेल तर जनरलमध्ये जाता येते. मोबाईलवर काढलेले वेटिंगचे तिकीट शेवटपर्यंत पक्के झाले नाही तर ते आपोआप रद्द होते आणि त्यावर कुठेच बसता येत नाही. तत्काळ आदल्या दिवशी उघडते, एसीचे १० वाजता आणि स्लीपरचे ११ वाजता. पक्के झालेले तत्काळ तिकीट आपण रद्द केले तर पैसे परत मिळत नाहीत.

हंगामात प्रवास करणाऱ्या सभासदांना शेवटी एक कामाची सूचना. ६० दिवस आधी तिकीट काढायचे आणि ऊसतोड कधी येईल ते माहीत नाही, असा पेच दरवर्षी पडतो. टोळी फडात यायची आणि मालक काशीला, असे होऊ नये. नोव्हेंबर ते मार्चमधल्या प्रवासाचे आरक्षण करण्यापूर्वी गट ऑफिसात येऊन आपल्या लागणीच्या तारखेप्रमाणे तोडीचा अंदाज विचारावा. अंदाज आठ-दहा दिवस पुढे-मागे होतो, तरी महिना कळतो. दवाखान्याची तारीख असेल तर ती चिटबॉयला आधी कळवावी, आणि त्या दिवशी फडावर कोण उभे राहील त्याचे नाव व मोबाईल नंबर नोंदवून जावे. गट ऑफिस सकाळी ९ ते संध्याकाळी ६ उघडे असते.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते